बंद पडल्यावर काय?

जाधव मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या टेबलाखाली होत्या. कंपनीत माझा पहिलाच दिवस होता. मीटिंगच्या खोलीत मुंबईहून आलेले एक सूटबूटवाले गृहस्थ भिंतीवरच्या पडद्यावर आपलं सॉफ्टवेअर दाखवत होते. रंगीत गोल, बाण, ढग असं बरंच काही हलत होतं आणि आम्ही सगळे माना डोलवत होतो. एवढ्यात कोपऱ्यातल्या एक बाई उठल्या, पदर खोचला, सरळ टेबलाखाली वाकल्या आणि नेटवर्कची केबल उपटून हातात घेऊनच बाहेर आल्या. पडद्यावरचे बाण जागच्या जागी थांबले.

“हं, आता दाखवा,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, आता कसं दाखवणार? कनेक्शन गेलं ना!”

“आमच्याकडे रोजच जातं. म्हणून तर तुम्हाला बोलावलंय.”

ते गृहस्थ हसले, मग गोंधळले, मग लॅपटॉप मिटायला लागले. मला वाटलं, या बाईंच्या हाताखाली आपलं काही खरं नाही. पुढे कितीतरी वर्षं मी त्यांच्याच हाताखाली काढली, आणि मजेत काढली.

विशाखा जाधव आमच्या गोदामांच्या कंपनीत संगणक विभागाच्या प्रमुख होत्या. त्यांच्या कार्डावर ‘एंटरप्राइझ आर्किटेक्ट’ असं छापलेलं होतं. कंपनीतली सगळी सॉफ्टवेअरं कोणती असावीत, ती एकमेकांशी कशी बोलतील आणि बिघडली तर कोण सांभाळेल, हे ठरवायचं काम. पण भिवंडीत, कामतघरच्या त्यांच्या चाळीत आर्किटेक्ट म्हणजे घरं बांधणारी, एवढंच माहीत. शेजारीपाजारी पोटमाळ्याचा नकाशा काढून द्या म्हणून यायचे. “मग तुम्ही काय सांगता?” मी एकदा विचारलं. “सांगते कशाला? काढून देते,” त्या म्हणाल्या. “काम तेच गं. माणूस वर चढणार कुठून, ते आधी बघायचं.”

त्यांचे वडील पॉवरलूमवर जॉबर होते. बिघडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालू करणारा माणूस तो जॉबर. घराच्या भिंतीला लागूनच कारखाना, आणि लूमची खडखड चोवीस तास. त्यामुळे त्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. मॅडमनी केबिनचं दार लावून मला गुपचूप काही सांगितलं, की ते पार्किंगमधल्या वॉचमनलाही कळायचं. त्यांना ते पटायचं नाही. “मी हळूच बोलले होते!” असं त्या तितक्याच जोरात म्हणायच्या.

मी आले तेव्हा कंपनीची अवस्था मोठी गमतीची होती. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात माल मोजणारं एक सॉफ्टवेअर, हिशेबाचं दुसरं, गाड्यांचं तिसरं. त्यात पडघ्याची एक लहान कंपनी आम्ही विकत घेतलेली, तिचं सगळंच निराळं. यांना एकमेकांशी जोडणारे छोटे छोटे प्रोग्रॅम ज्याला जसं सुचलं तसं लिहून ठेवलेले. एकीकडे काही बदललं की दुसरीकडे तीन ठिकाणी बोंब व्हायची. प्रेशर कुकरची ऑर्डर कल्याणला जायची, तर तिचं बिल नाशिकच्या चपलांच्या दुकानदाराला. हे सगळं एका ठिकाणी नीट जोडून देणारं एक सॉफ्टवेअर घ्यायचं, आणि कर्मचाऱ्यांच्या तक्रारी नोंदवून सोडवायला दुसरं, असं ठरलं होतं.

खरं तर मालकांच्या मुलानं, निखिल सरांनी, ते मनात ठरवूनही टाकलं होतं. एका बड्या कंपनीचं भलंमोठं पॅकेज होतं. त्यात दोन्ही कामं व्हायची, आणि तक्रारींचं कामसुद्धा तीच कंपनी दुसऱ्या शहरातून बघणार होती. म्हणजे वळला बसणारी आमची हेल्पडेस्कची पाच माणसं घरी जाणार. त्यांची प्रमुख फरीदा. भिवंडीत जन्मलेली, मराठी आणि हिंदी एकाच वाक्यात मिसळून बोलणारी आणि कुठल्या गोदामात कुठला प्रिंटर कधी रुसतो हे आवाजावरून ओळखणारी. ती मॅडमना म्हणाली, “मॅडम, आमचं काय? सच सच बताओ.”

“अजून काही ठरलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी दुखतंय कुठे ते बघू. औषधाचं दुकान नंतर.”

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या निखिल सरांकडे गेल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमचं पॅकेज बघू. पण त्याच्याबरोबर आणखी एक बघू. आणि दोघांची परीक्षा वळला, गोदामात.” सरांना वाटलं, बाईंची हौस आहे, होऊ दे. “पण निवड चुकली तर जबाबदारी तुमची,” एवढं मात्र त्यांनी बजावलं.

परीक्षेच्या दिवशी वळच्या गोदामात माल चढवायच्या धक्क्यावर दोन टेबलं मांडली. एका बाजूला गाड्या भरल्या जात होत्या, हमाल ओरडत होते, आणि मधोमध बड्या कंपनीचे चौघं जण कोट सांभाळत बसले होते. दुसऱ्या टेबलावर एका लहानशा कंपनीचा एकच माणूस. मॅडमनी दोघांना सारख्याच ऑर्डरी दिल्या आणि काम रंगात आल्यावर व्हायचं तेच झालं. केबल उपटली गेली.

चहा झाल्यावर त्यांनी ती परत लावली. बड्या कंपनीच्या पडद्यावर थोड्या वेळानं ऑर्डरी उगवल्या, पण काही दोनदा. गोदामाचे इनचार्ज एकनाथ पाटील मागून वाकून बघत होते. “आरं, हे कुकर डब्बल झालं! मी आता कुठं ठेवू? जागाच न्हाय!” ते खरंच माल आल्यासारखे घाबरले. दुसऱ्या टेबलावरच्या ऑर्डरी मात्र रांगेत थांबलेल्या होत्या, त्या एकामागून एक पुढे सरकल्या.

मॅडमनी त्या एकट्या माणसाला विचारलं, “तक्रारींचं काम पण तुमचं सॉफ्टवेअर करतं?”

“नाही मॅडम. ते आम्हाला जमत नाही. त्याला दुसरं काहीतरी बघा.”

गाडीत बसल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “ऐकलंस? तोंडानं ‘नाही’ म्हणाला. दिवसभरात हा एकच शब्द मला पटला.” निखिल सरांनी आढेवेढे घेतले, पण डबल झालेले कुकर त्यांनीही धक्क्यावर उभं राहून पाहिले होते. जोडणीसाठी ते छोटं सॉफ्टवेअर घेतलं गेलं. फरीदाची माणसं राहिली. दिवाळीच्या आधीची सगळी गर्दी आम्ही एकही बिल भलतीकडे न पाठवता काढली.

आता हे इथंच संपलं असतं तर जाधव मॅडम म्हणजे नुसत्या हुशार बाई, एवढंच मी लिहिलं असतं. पण तक्रारींचं सॉफ्टवेअर त्यांनी स्वतः निवडलं, आणि तिथं त्या सपशेल चुकल्या.

त्या सॉफ्टवेअरमध्ये फार सुंदर रिपोर्ट निघायचे. मॅडमना ते बघता क्षणी आवडलं. आम्हा सगळ्यांनाच आवडलं, आणि या खेपेला ते घेऊन गोदामात जायचं कुणालाच सुचलं नाही. चालू झाल्यावर काही आठवड्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या. मॅडमनी पेढे वाटले. निखिल सर तर इतके खूश झाले, की मीटिंगमध्ये सहज बोलून गेले, “तक्रारीच राहिल्या नाहीत, तर हेल्पडेस्कवर पाच माणसं कशाला? दोन पुरतील.”

मॅडमच्या हातातला पेढा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन वळला गेल्या. पाटलांच्या टेबलावर बंद पडलेला स्कॅनर होता. दुसऱ्या एका स्कॅनरला चिकटपट्टी लावून काम चाललं होतं.

“पाटील काका, याची तक्रार का नाही केली?”

पाटलांनी चिकटपट्टीचा स्कॅनर टेबलावर ठेवला. मग त्यांचा बांध फुटला. “मॅडम, राग मानू नका. माझा स्कॅनर बंद हाय, आन् तुमचा फॉर्म मला इचारतो, ‘परिणामाची व्याप्ती निवडा’. मी काय निवडू? हितं ड्रायव्हर बोंबलतोय. त्यापरीस चिकटपट्टी बरी.” तेवढ्यात बाहेरून आवाज आलाच, “अरे पाटील साब, गाड़ी कब छूटेगी?”

मॅडमनी एक खुर्ची ओढली आणि तो फॉर्म स्वतः भरायला घेतला. मी बाजूला उभी होते. रकान्यांमागून रकाने. एका ठिकाणी त्या अडल्या, मागे गेल्या आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. त्यांनी लॅपटॉप मिटला. ऑफिसच्या दारात आल्यावर म्हणाल्या, “तक्रारी कमी झाल्याच नाहीत गं. लोकांनी आपल्याला सांगणं सोडलं. आणि मी पेढे वाटले.”

“मॅडम, सरांना हळूहळू सांगू या. आधी फॉर्म थोडा सुधारू...”

“आणि तोवर तीन माणसं घरी जातील. माझ्या चुकीपायी.”

त्या तडक वर गेल्या. दार लावलं, पण त्यांच्या आवाजापुढे दाराचं काय चालणार! आम्ही सगळ्यांनी ऐकलं. “सर, मी चुकले. रिपोर्टला भुलले. हे सॉफ्टवेअर बदलायला हवं.”

“मॅडम, हे तुम्हीच निवडलं होतं ना?”

“मीच. म्हणून मीच सांगायला आलेय. मला काय बोलायचं ते बोला, पण त्या आकड्यावरून माणसं कमी करू नका. तो आकडा खोटा आहे.”

सरांचं पुढचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही, कारण ते हळू बोलत. फरीदा त्या दिवशी वळहून ऑफिसात आलेली होती, ती माझ्याशेजारी उभी होती. डोळे मिटून दुआ पुटपुटत होती.

सरांना ते पटलेलं नव्हतं. पण मॅडमनी त्यांना एवढं कबूल करायला लावलं, की वळला येऊन स्वतः एक तक्रार नोंदवून बघायची. ते आले. पाटलांच्या खुर्चीत बसले. समोर गाडी लागलेली, हमाल खोळंबलेले. सरांनी चष्मा लावला, दोन रकाने भरले, तिसऱ्यावर डोकं खाजवलं. बाहेर ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलायलाच तयार नव्हता. सरांना घाम फुटला. शेवटी त्यांनी लॅपटॉप बाजूला सारला आणि म्हणाले, “अरे, फरीदाचा नंबर द्या कुणीतरी!”

पाटील आधी हसले. मग सर स्वतःच हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी फक्त मोठा श्वास सोडला. माणसं कमी करायचा विषय पुन्हा निघाला नाही.

नवं सॉफ्टवेअर निवडताना मॅडम खुर्ची टाकून मागे बसल्या. “या वेळी मी तोंड उघडणार नाही. ज्यांना वापरायचंय ते बघतील.” त्यांनी तोंड न उघडणं हा त्या दिवसातला सगळ्यांत अवघड भाग होता. दोनदा त्या खोकल्या, एकदा उठून बाहेर जाऊन आल्या. विक्रेते पाटलांना समजावत होते, फरीदा प्रश्न विचारून त्यांचा घाम काढत होती. शेवटी ज्यात फोटो काढून दोन शब्द बोलले की तक्रार नोंदली जाते, ते दोघांनी पसंत केलं. त्याचे रिपोर्ट अगदी साधे होते. पुढच्या महिन्यात तक्रारी दुपटीच्या वर गेल्या, आणि मॅडमनी पुन्हा पेढे आणले. निखिल सर म्हणाले, “मॅडम, कमी झाल्या तरी पेढे, वाढल्या तरी पेढे?”

“तेव्हाचे चुकून वाटले होते सर. हे खरे.”

माणूस म्हणून त्या फार मोकळ्या होत्या. डब्यात त्यांच्या आईच्या हातची सुक्या बोंबलांची चटणी असायची. ती उघडली, की वातानुकूलित ऑफिसातल्या सगळ्यांना भूक लागायची. चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत कामतघरला त्या पांढरी साडी नेसून सगळ्यांत पुढे असायच्या. त्या दिवशी फोन केला तर ढोलताशांतूनही त्यांचा आवाज स्पष्ट यायचा, आमचाच त्यांना यायचा नाही. नव्या माणसाला त्या पहिल्या दिवशी हमखास सांगायच्या, “एखादी गोष्ट बंद पडल्यावर काय होतं, ते विकणारा सांगत नाही. ते आपणच विचारायचं. आणि आपलं चुकलं, तर ते पण आपणच सांगायचं.”

मग त्यांना मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतून बोलावणं आलं. जागा मोठी, काम मोठं. आम्हाला आनंद झाला आणि तितकंच वाईटही वाटलं. निरोपाच्या समारंभाला त्यांनी साफ नकार दिला. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला शेजारी बसवलं आणि एकेक सॉफ्टवेअर उघडून त्यातून स्वतःचं नाव काढायला लावलं. त्यांची परवानगी लागते अशी एकही गोष्ट उरता कामा नये, असा हट्ट. एखाद्या ठिकाणी नाव काढायचं बटण दाबताना मी थांबले, की त्या म्हणायच्या, “दाब गं. मी काही मरत नाहीये.”

त्या गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी घोळ झाला. एका मोठ्या ग्राहकानं न सांगता पत्ते लिहायची पद्धत बदलली आणि त्याच्या साऱ्या ऑर्डरी अडकल्या. वळहून पाटलांची तक्रार फोटोसकट आली, फरीदानं ती माझ्याकडे पाठवली. सवयीनं मी मॅडमचा नंबर काढला. मग फोन खाली ठेवला. आम्ही तिघांनी शोधलं कुठे अडलंय ते, पत्ते दुरुस्त केले, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत गाड्या पडघ्याच्या नाक्यावरून पुढे गेल्यासुद्धा.

तेव्हा मात्र राहवेना. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पाटीलही लाइनवर होते.

“काय गं, काय बंद पडलं?” पलीकडून तोच आवाज.

“पडलं होतं मॅडम. चालू पण झालं. तुम्हाला फोन करायची गरज पडली नाही, एवढंच सांगायला फोन केला.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मॅडम, रडता का काय?” पाटलांनी विचारलं.

“नाही हो काका. बरं वाटलं,” त्या म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचा हळू आवाज ऐकू आला. “पण ऐका, अधूनमधून गरज नसताना करत जा.”