पाखाडी काढणारा प्रोफेसर

रत्नागिरीत मोटारी नुकत्याच आल्या होत्या आणि आमच्या संस्थेत नगररचना शिकवायला प्रोफेसर नेमायचा होता. निवड समितीत मी होतो. मुंबईहून बोटीने विद्यापीठातले एक प्रोफेसर उमेदवार म्हणून आले. आम्ही त्यांना गावाचा नकाशा काढायला सांगितला. त्यांनी आधी व्हाळ, म्हणजे गावातला ओढा काढला, मग त्याच्या कडेने वळत उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या, म्हणजे आमच्या पाखाड्या. मोटारीचा रस्ता कुठेच नव्हता.

मी मूर्खासारखा हसलो. म्हटलं, "पाखाडी तर आमचा गडीही बांधतो. त्याला प्रोफेसर कशाला हवा?"

कागदाची घडी घालत ते म्हणाले, "मग त्यालाच नेमा. उतार त्याला कळतो."

आम्हाला तो उद्धटपणा वाटला. नेमलं दुसऱ्याला, पट्टी ठेवून सरळ रस्ते काढणाऱ्याला. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या ओव्हरसियरने पुढे आमच्या वाडीची पाखाडी फोडून रस्ता सरळ खाली उतरवला. तेव्हापासून दर पावसाळ्यात तांबडं पाणी माझ्या माजघरापर्यंत येतं. गडी आता म्हातारा झालाय, तरी न बोलावता फावडं घेऊन येतो आणि पाणी व्हाळाकडे वळवून देतो. एका प्रोफेसराने आपली जागा त्याला देऊ केली होती, हे त्याला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.