तात्यांचा कोरा रकाना

चूक दुरुस्त केली की ती संपते, असे एम.ए. होईपर्यंत माझे मत होते. ग्वाल्हेरच्या दाना ओळीत, माझ्या भाड्याच्या खोलीत, कारकुनांसाठी इंग्रजीचा वर्ग काढला आणि ते बदलले. दुरुस्त केलेली चूक किस्सा होऊन परत येते. आणि बहुतेक किश्शांत ती चूक मास्तरचीच असते!

नव्या मध्य प्रदेशामुळे ग्वाल्हेरची राजधानी जाणार, दफ्तरे भोपाळला हलणार, हे तेव्हा नक्की झाले होते. कोण जाणार आणि कोण राहणार, एवढेच ठरायचे होते. साहेब इंग्रजीत प्रश्न विचारणार अशी वदंता होती, म्हणून आमच्या कचेरीतले अकरा कारकून संध्याकाळी माझ्याकडे येत. मीही तिथेच हंगामी अनुवादक होतो.

*

पहिल्या दिवशी काल्पनिक वाक्ये घेतली. 'माझी भोपाळला बदली झाली तर मी काय करीन', याचे इंग्रजी विचारले.

वर्गात सर्वांत वडील असलेले रेकॉर्डकीपर तात्या छताकडे पाहून म्हणाले, "मास्टरसाहेब, घरात असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणते. जे खरं झालेलं चालेल, तेवढंच बोलावं."

मी उदाहरण बदलले : 'मी किल्ल्यावरून पडलो तर.' दोघांनी वह्या मिटल्या. व्याकरणाचे पुस्तक चाळले, तर त्यात आग, पूर आणि बुडणारी जहाजे.

*

मग मी खुलासा केला, की जे खरे नाही ते इंग्रजीत भूतकाळाच्या रूपात सांगतात.

तात्या विचारात पडले. "म्हणजे इंग्रजही वास्तूला भीत होता. गोष्ट मागच्या काळात ढकलली, की तथास्तु लागत नाही."

एम.ए.च्या दोन वर्षांत इतके स्वच्छ विवेचन मला कोणी ऐकवले नव्हते. मी ते वहीत उतरवून घेतले, स्वतःच्या नावाने.

*

तरीही तात्या बधेनात, म्हणून फक्त शुभ वाक्ये घ्यायचे ठरले. वसंता या तरुण कारकुनाने 'मला प्रमोशन मिळाले तर मी पेढे वाटीन' हे इंग्रजीत, तार स्वरात, पंधरा वेळा म्हटले. वरच्या मजल्यावरून घरमालकीणबाई खाली आल्या. त्यांना 'प्रमोशन' तेवढे कळले होते. कोणाला मिळाले, असे त्यांनी विचारताच वसंताने माझ्याकडे बोट दाखवले. "मास्टरसाहेबांना. काकू, अब तो पेढे बनते हैं."

प्रमोशन काल्पनिक होते. नया बाजारातून मी आणलेले अर्धा शेर पेढे काल्पनिक नव्हते.

*

अखेर मुलाखतीऐवजी फॉर्म आला. एका रकान्यात प्रश्न होता : भोपाळला नेमणूक झाल्यास आपण काय कराल?

तात्यांच्या पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळल्या होत्या. मूलबाळ नव्हते. त्यांना हलवणे अशक्य, आणि सोडून जाणे त्याहून अशक्य. मी तात्यांसाठी चार ओळींचा मसुदा बेतला. त्यांनी तो वाचला, अक्षराची तारीफ केली आणि रकाना कोरा ठेवला.

कोरा रकाना म्हणजे संमती, असे मी परोपरीने सांगितले.

"बोललेलं हवेत तरी जातं, मास्टरसाहेब. लिहिलेलं राहतं."

माझा रकाना मात्र मी निर्दोष भरला : नेमणूक झालीच, तर मला नाइलाजाने राजीनामा द्यावा लागेल. क्रियापदे तीनदा तपासली.

*

हुकूम निघाले. तात्यांचा फॉर्म अपूर्ण ठरून पूर्ततेसाठी परत आला. पूर्तता होईपर्यंत त्यांनी ग्वाल्हेरीतच राहावे, असा शेरा होता. तात्यांनी तो फॉर्म स्वतःच्याच रेकॉर्डात, शिस्तीने, फाइल केला.

माझे वाक्य साहेबांना इतके आवडले, की असे इंग्रजी लिहिणारा माणूस भोपाळलाच हवा, असे त्यांनी ठरवले.

राजीनामा मी दिला नाही. तेवढे धैर्य त्या वाक्यापुरतेच होते. व्याकरणदृष्ट्या, भूतकाळी रूपातले ते वाक्य अचूक ठरले.

*

स्टेशनावर सगळा वर्ग आला होता. वसंताने माझी ट्रंक डब्यात ढकलली. "सर, सबको पढ़ा दिया, आणि जाताय तुम्हीच."

तात्यांनी दशम्यांचे फडके माझ्या हातात दिले. त्यांच्या पत्नींनी पडल्या पडल्या सांगून त्या शेजारणीकडून करवून घेतल्या होत्या. शिट्टी झाली, गाडी हलली. तात्या खिडकीचा गज धरून चार पावले चालले. त्यांनी एकदा मान वर करून फलाटाच्या छताकडे पाहिले. मग वर्षभरात पहिल्यांदाच, सावकाश, एकही चूक न करता, ते म्हणाले,

"इफ यू वेअर माय सन, आय वुड नॉट लेट यू गो."