मामीने न घेतलेलं माप

“पाकिटावरची बाई कुणाच्याच घरात राहत नाही,” असं मामी गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणायची आणि गिऱ्हाईक हसायचं, कारण हे दुसऱ्याच कुणाला तरी म्हटलंय असं त्याला वाटायचं.

कापडाच्या दुकानात मागच्या भिंतीशी तिचं काउंटर होतं. वर उशीएवढे जाड कॅटलॉग, खाली लोखंडी खण, खणांत पॅटर्नची पाकिटं. पाकिटावर पुढे रंगीत चित्र: मान लांब, कंबर मुठीत मावेल अशी, पाय संपतच नाहीत. आत घडी घातलेला पातळ कागद, त्यावर गळ्याच्या, पाठीच्या, बाह्यांच्या रेघा. घरी शिवणाऱ्या बायका यायच्या, चित्र बघून हरखायच्या. पाकीट उलटं करून मागची साधी आकृती कुणी बघत नसे. शिवण कुठे येते, पाठ एका तुकड्याची की दोन, हे सगळं मागे असतं. पण मागची बाजू बघायला डोकं लागतं आणि ते या बायका घरी ठेवून यायच्या.

“मला दुकानातले कपडे याहून लहान मापाचे होतात,” एखादी म्हणायची.

“तयार कपडेवाले तुमची खुशामत करतात, बाई. कागद करत नाही.”

मामी टेप लावायची आणि आकडा मोठ्याने सांगायची. बाई लालबुंद व्हायची आणि तरीही लहान मापाचंच पाकीट घेऊन जायची. झगा शिवून होईस्तोवर बारीक होणार होती म्हणे. मग कधीतरी तीच बाई बगलेत उसवलेला झगा घेऊन हजर, पॅटर्नच्या नावाने खडे फोडत. मामीला हे क्षण फार आवडत. माणसं मूर्ख असतात यावर तिची श्रद्धा होती आणि माणसांनी तिला कधी निराश केलं नाही.

घरीही तेच. तिच्यासमोर बसताना मामा आधी कॉलर नीट करत. शेजारीण हौसेने स्वतः शिवलेला फ्रॉक दाखवायला आली, की मामी तो उलटा करून आतली टीप बघे, आणि मग ज्या नजरेने शेजारणीकडे बघे, त्यानंतर ती शेजारीण पुन्हा येत नसे. उभ्या आयुष्यात तिने स्तुती केली ती एका शिंप्याची, तीही तो मेल्यावर.

एवढ्या कोरड्या बाईच्या कपाटात एक हस्तिदंती रंगाचं कापड मात्र वर्षानुवर्षं पडून होतं. मुलीच्या लग्नाचा झगा आपण शिवायचा आणि तिने त्या दिवशी तोच घालायचा, एवढी एकच गोष्ट तिने आयुष्याकडे मागितली होती. मागितली म्हणजे बजावली होती.

मुलगी कामाला लागली बेकरीत. एवढं शिकवलं, तर ही पीठ तिंबायला गेली आणि तिथल्याच भट्टीवाल्याशी लग्न ठरवून बसली. “शिळ्या पावाचे निदान टोस्ट होतात,” मामी म्हणाली, “या जावयाचं काय करायचं?” बेकरीच्या दारात तिने कधी पाऊल ठेवलं नाही. मुलगी घरी आली, की मामी मशीनच्या सुईत दोरा ओवत तिच्याशी बोलायची.

लग्न जवळ आलं तशी मुलगी काउंटरवर आली. मला पिशव्या उचलायला आणलं होतं. तिने आपणहून खण उघडून एक पाकीट काढलं. सैल झगा, बाही अंगातूनच कापलेली, खांद्याला जोड नाही.

“आई, हा.”

“हे पोतं आहे. लोक म्हणतील, नवरी आली की मैदा आला?”

“म्हणू देत. मला हात वर करता आले पाहिजेत. आम्ही नाचणार आहोत.”

“भट्टीवाला नाचतो?”

“नाचतो. वाईट नाचतो.”

मामीने आपलं पाकीट तिच्यापुढे टाकलं. बंद गळा, अरुंद पाठ, मनगटापर्यंत घट्ट बाह्या. खणातला सगळ्यात अवघड पॅटर्न. शिवणारीचं नाव व्हावं असा. घालणारीचा विचार त्यात कुणी केलेला नव्हता.

“बरं, मग टेप तरी लाव.”

“पोटच्या पोरीला टेप लावू? तुझं माप मला झोपेतून उठवून विचार.”

मुलगी माझ्याकडे बघून हसली. मामीशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं तिने पाहिलं नव्हतं.

पॅटर्नच्या कागदावर एकात एक अशा बऱ्याच मापांच्या रेघा असतात. आपल्या मापाची रेघ आधी दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावी, मूळ कागद कापू नये, आणि कापडाला हात लावण्याआधी जुन्या चादरीचा झगा बेतून बघावा, हे मामी गिऱ्हाइकांना दरडावून सांगायची. स्वतः तिने यातलं काही केलं नाही. असल्या खबरदाऱ्या इतरांसाठी असतात. मुलीच्या जुन्या, लहान मापाच्या आतल्या रेघेवरून तिने सरळ कात्री चालवली आणि त्यावर हस्तिदंती कापड बेतलं. झगा पुरा होईपर्यंत मुलीला एकदाही बोलावलं नाही.

झगा घालून बघायच्या दिवशी मामीच्या घरी माझी मावशी आली, आई आली. आडोशामागून मुलगी बाहेर आली ती पाठ उघडी टाकूनच. परातीएवढे ट्रे उचलून आणि पीठ तिंबून तिचे खांदे हमालासारखे रुंद झाले होते. पाठीवरचे हुक एकमेकांची तोंडं लांबून बघत होते.

“खांदे पाड,” मामी म्हणाली.

“पाडलेत.”

“श्वास सोड.”

“आई, श्वासाने पाठ वाढत नाही.”

मामीने हुक ओढून बघितले. मुलीने तोल सावरायला हात पुढे केला आणि बगलेत कापड टरकन फाटलं.

“बगलेत जोड दे ना,” मावशी म्हणाली.

“कापड उरलं नाही.”

“मग मोठ्या मापाने पुन्हा…”

“कागद कापलाय.”

मावशीने तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला, दुसरं काही नाही.

“तू मला नीट बघितलंस कधी शेवटचं?” मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “बेकरीत लागल्यापासून तू मशीनशी बोलतेस आणि मी शेजारी उभी असते.”

मुलीने झगा उतरवला, पिशवीतून दुकानातला तयार झगा काढला आणि घालून आली. तो तिने आधीच घेऊन ठेवला होता. नायलॉनचा, चकचकीत. खालची दुमड वाकडी, चेनीपाशी चुणी, दोरे लोंबत होते. सोफ्याला खोळ घालावी तसा तो तिच्या अंगावर पडला होता, आणि ती त्यात खूश होती. माणसं किती स्वस्तात खूश होतात.

“हाच घालणार आहे,” ती म्हणाली.

आता मामी काय बोलते, म्हणून सगळ्यांनी कान टवकारले. माझ्या आईने तर खुर्ची पुढे ओढली. मामी उठली. सवयीने तिने झग्याची कड उलटी करून आतली टीप बघितली, बराच वेळ बघितली आणि कड सोडून दिली. मग मुलीच्या मागे जाऊन तिने पंजा पसरला आणि एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत तो माप घेतल्यासारखा हळूहळू टेकवत नेला. मुलगी हलली नाही.

टाचण्या, कात्री, फाटका झगा टेबलावर तसाच टाकून मामी दाराबाहेर निघून गेली.