साहेबांचा सात बटणांचा माऊस

माझी आत्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं रिपोर्ट टाइप करते. एक चूक दाखवा म्हणावं! त्या बाईला साहेब म्हणाले, "तुम्हाला कॉम्प्युटर झेपत नाही. सोमवारपासून खाली बाटल्यांच्या खोलीत बसा." नुसतं म्हणाले नाहीत, तिच्या फाइलीत तसा शेराही मारला.

कशावरून? माऊसवरून.

तिच्या टेबलावर कॉम्प्युटर दोन; स्क्रीन, कीबोर्ड, माऊस मात्र एकेकच. मध्ये एक डबी. बटण दाबलं की सगळं या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर जातं. साहेबांनी हौसेनं नवा माऊस आणला, रंगीत दिव्यांचा, सात बटणांचा, आणि स्वतःच्या हातानं डबीला जोडला. तेव्हापासून कीबोर्ड चाले, पण स्क्रीनवरचा बाण जागचा हलेना.

"नवाकोरा माऊस बिघडेल कसा?"

"मग मी बिघडले का, साहेब?"

"वय होतं हो बाई माणसाचं."

वय! घरी येऊन आत्यानं पर्स अशी आपटली, की चष्मा उडून माझ्या मांडीवर पडला. "कॉम्प्युटरवाल्याला बोलव ना," मी म्हटलं. "साहेब म्हणतात, दोष माणसाचा, कॉम्प्युटरवाला येऊन काय करणार! थांब, मीच बघते."

शनिवारी ती तासभर आधी पोचली. नवा माऊस थेट कॉम्प्युटरला लावला. बाण पळाला. दुसऱ्यालाही लावला. पळाला. डबीला लावला. ढिम्म! मग ड्रॉवरमधला जुना, पिवळ्या पडलेल्या वायरचा माऊस काढून डबीच्या त्याच खाचेत खुपसला. दोन्हीकडे सुतासारखा सरळ!

म्हणजे खाच धडधाकट, आत्याही धडधाकट. माऊसच्या खाचेत डबी मध्यस्थी करते आणि तिला साधा माऊसच कळतो; सात बटणांचे नखरे नाहीत. डबीवरच शेजारी पेन ड्राइव्हची खाच होती, तिथे डबी मध्ये तोंड घालत नाही. त्यात साहेबांचा माऊसही निमूट चालला.

साहेब आले, बघितलं. "चला, झालं ना चालू! विषय संपला."

"संपला कसा? फाइलीतला शेरा?"

"राहू द्या हो आता."

आत्यानं फाइल उघडून समोर ठेवली. वर पेन. "लिहा."

साहेबांनी लिहिलं : 'दोष माऊसच्या जोडणीचा होता, बाईंचा नव्हता.'

"जोडणी कोणाची, तेही येऊ द्या."

कान लाल झाले, पण लिहिलं.

"आणि सही," आत्या म्हणाली.