पालथी की उताणी

आमच्या ताईला माश्यांचं वेड आहे असं लोक म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. वेड असतं तर औषध तरी असतं. ताईची ती नोकरी होती. संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, तिनं उभी हयात माश्या ओळखण्यात घालवली. त्यासुद्धा घरात घोंघावणाऱ्या साध्या माश्या नाहीत, तर दुसऱ्या किड्याच्या जिवावर वाढणाऱ्या. माशी सुरवंटाच्या अंगावर अंडं चिकटवते, अळी आत शिरते आणि त्याला आतून खात मोठी होते. सुरवंट बिचारा तोवर निवांत पानं चघळत असतो. "म्हणजे आपल्या मामांसारखंच," असं मी एकदा म्हटलं होतं, कारण तेव्हा मामा आमच्याकडे दोन दिवसांसाठी म्हणून आले होते आणि महिना उलटला होता. ताई हसली नाही. माश्यांवरचे विनोद तिला चालत नाहीत.

घरातही तेच. स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमच्या बाटल्यांची रांग, तोंडाला मलमलीचा तुकडा, आत सुरवंट. आई होती तोवर त्या बाटल्या आई विसळायची, मलमल आई शिवायची. कुरकुर मी करायची.

या सगळ्या माश्या दिसायला सारख्याच, राखाडी आणि केसाळ. पाठीवर राठ केस कुठे आणि किती, पंखातली शीर कुठे वळते, यावरून ताई त्यांचे गट पाडते. केस गळला असेल तर त्याच्या मुळाशी खळगा राहतो, तो धरायचा. "टक्कल पडलं म्हणून माणूस बदलतो का?" असं ती मला विचारते. पण गट ठरला तरी जात ठरत नाही. जात ठरते नराच्या शेपटाच्या टोकावर. ते टोक कापायचं, कॉस्टिक सोड्यात उकळायचं आणि ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सुईनं फिरवत सगळ्या बाजूंनी बघायचं. तिथे हुकासारखा वळलेला एक बारीकसा आकडा असतो. त्या आकड्यानं माझ्या बहिणीचं आयुष्य खाल्लं.

झालं असं की तिच्या साहेबांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, तरुणपणी एक नवी माशी शोधली होती. तिचा आकडा डावीकडे वळलेला, म्हणून त्यांनी शास्त्राच्या भाषेत तिचं नाव ठेवलं 'डावखुरी'. ताईला पुढे आमच्या खिडकीतल्या बाटलीत हुबेहूब तशीच माशी मिळाली. केस तेच, शिरा त्याच, पण आकडा उजवीकडे. ही जातच वेगळी, असं ताईचं म्हणणं. सरांचं म्हणणं ठरलेलं होतं. "बाई, पालथी की उताणी? आधी ते बघा."

माशी उताणी ठेवली की डावं ते उजवं दिसतं. पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतात ते, सर तिला चारचौघांत ऐकवायचे, आणि बाकीचे दात काढायचे. ताई घरी येऊन भांडी आपटायची. मग पुन्हा नवे सुरवंट, नवा नर, पुन्हा आकडा उजवीकडे, पुन्हा सरांचा तोच प्रश्न. मला तर त्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबावासा वाटायचा.

बरं, सरांचा मूळ नमुना बघावा, तर तो कपाटात कुलूपबंद. जुन्या पद्धतीप्रमाणे त्यांनी ते टोक स्लाइडवर राळेत कायमचं बसवलं होतं. लोकांना दिसलं ते फक्त त्यांनी काढलेलं चित्र. सर वारले, कपाटाची किल्ली ताईकडे आली, तेव्हा तिची निवृत्ती तोंडावर होती. तिनं मला कामावर फोन केला. ती कधीच करत नाही, म्हणून मी हातातलं काम टाकून धावले.

"डावीकडेच आहे गं! स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. म्हणजे माझी वेगळी!"

नाव तिनं केव्हाच ठरवून ठेवलं होतं. आईचं. दारावरच्या पाटीवरसुद्धा बाबांचंच नाव होतं. आईचं नाव जगात कुठेच लिहिलेलं नाही. आता ते माशीला लागणार म्हटल्यावर मीसुद्धा रडले. हसू नका.

त्याच आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मी त्या खोलीत गेले. टेबलावर ट्रेमध्ये तिच्या माश्या टाचण्यांवर ओळीनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीखाली आईच्या नावाची इवलीशी चिठ्ठी.

"दोन मिनिटं," ताई म्हणाली.

"तुझी दोन मिनिटं मला माहितीयेत. डॉक्टर काय तुझ्यासाठी दुकान मांडून बसलेत?"

माझी बडबड ऐकत तिनं सरांची स्लाइड फडक्यानं पुसली आणि मायक्रोस्कोपखाली सरकवली. "एकदा बघ तरी. मग जाऊ."

मी डोळा लावला. "दिसला. उजवीकडे वळलाय."

"डावीकडे गं."

"उजवीकडे."

"लहानपणी चपला उलट्या घालायचीस, अजून तशीच आहेस."

"चपला गेल्या खड्ड्यात. या हाताकडे वळलाय, या!" मी उजवा हात तिच्या नाकासमोर नाचवला.

ताईनं बघितलं. मग स्लाइड बाहेर काढली. पुसण्याच्या नादात तिनं ती उलटी ठेवली होती, नावाची चिठ्ठी खाली गेली होती. तिनं ती सुलटी केली. आकडा डावीकडे. पुन्हा उलटी केली. उजवीकडे. मग भिंग वाढवून ती बराच वेळ बघत राहिली.

"उताणी आहे," ती म्हणाली. "चिठ्ठी वर धरली की पोट वर येतंय. सरांनी उताणी बसवली आणि पालथी समजून चित्र काढलं."

"म्हणजे थेरडाच चुकला होता! बरं झालं!"

"म्हणजे त्यांची आणि माझी एकच आहे."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी भडकले. "मग त्यांचं नाव काढून टाक. उजवीकडे वळते आणि डावखुरी कसली?"

"आधी ठेवलेलं नाव राहतं. चुकीचं असलं तरी."

"हा कुठला न्याय?"

"आमच्यातला."

"मग ती स्लाइड सुलटी कर, कपाटात ठेव आणि चल. इतकी वर्षं कुणी उलटून बघितली नाही, आता कोण बघणारे?"

ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सर मला रोज विचारायचे, पालथी की उताणी. मी त्यांच्या माशीला एकदाही विचारलं नाही. डावीकडे दिसलं आणि मला तेवढंच पुरलं."

मग चिमट्यानं एकेक टाचणी उचलून तिनं आईच्या चिठ्ठ्या काढल्या. नव्या चिठ्ठ्यांवर आपल्या बारीक अक्षरात 'डावखुरी' लिहीत राहिली. चष्मा नीट पुरत नव्हता, कागदाला नाक टेकत होतं. डॉक्टरांची वेळ टळली. मी जुन्या चिठ्ठ्या गोळा करून पर्समध्ये टाकल्या. केराच्या टोपलीत टाकायला माझा हात होईना.

घरी आल्यावर तिनं खिडकीतले सुरवंट बाहेरच्या झाडावर सोडले, बाटल्या विसळल्या आणि ओट्यावर आईसारख्याच पालथ्या घातल्या. मी फडकं घेऊन पुढे झाले.

"राहू दे पालथ्याच," ताई म्हणाली. "आता लागणार नाहीत."