रायपूरच्या गाडीतली औषधाची बाटली

गोंदियाजवळच्या मुर्री गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या एका बाईंना काही लपवता येत नाही. हाडांच्या कॅन्सरचे दुखणे त्या अंगणातूनच मोठ्याने सांगतात. वैद्यांनी लिहून दिलेले भांगेच्या पानांचे तेल सर्वांदेखत जिभेखाली घेतात.

नातीच्या लग्नासाठी त्या रायपूरला निघाल्या, तेव्हा पोलिसांच्या भीतीने सून ते औषध खोबरेल तेलाच्या बाटलीत ओतू लागली. औषध जप्त झाले तर वेदनांमुळे त्यांना मांडवात बसताही आले नसते. तरीही त्यांनी बाटली हिसकावली.

"कायले लपवून राहिली वो? मी का चोरी केली?"

वैद्यांची चिठ्ठी त्यांनी मूळ बाटलीलाच रबराने बांधली.

गोंदिया स्टेशनवर मी त्यांच्याच डब्यात होतो. पोलिसांचा कुत्रा बाईंची पिशवी हुंगून तिथेच बसला. शेजारचे प्रवासी दूर सरकले. शिपायाने पिशवीतली लुगडी उपसून बाटली काढली.

"अम्मा, ये क्या है? गांजा?"

"गांजा नाही बापू, भांगेच्या पानाचं औषध आहे. लेबल वाच. चिठ्ठीवर माझं नाव पाह्य."

शिपायाने लेबलवरचा परवाना, वैद्यांचा शिक्का आणि बाईंचे आधार कार्ड तपासले. मग सोबतच्या पोलीस साहेबांना दाखवले. साहेबांनी मान हलवली. शिपायाने बाटली परत दिली आणि तो वळला.

"थांब," बाई म्हणाल्या. "लुगडी तूच उपसली ना? मंग घडी कोन करन?"

गाडी सुटेपर्यंत शिपाई घड्या घालत होता आणि बाई प्रत्येक घडीतली चूक दाखवत होत्या.