कॅमेऱ्यावरचं लाल स्टिकर

मुलीच्या अभ्यासासाठी टॅब किंवा चांगला मोबाइल घ्या, असं शाळेनं कळवलं. मी मोबाइल घेतला. टॅब तिच्याकडे राहिला असता आणि मोबाइल माझ्या खिशात राहणार होता, हे गणित कुणाला सांगितलं नाही. दुकानदारानं कॅमेऱ्याचं एवढं कौतुक केलं, की तो आपणच बनवलाय असं मला वाटायला लागलं.

चाकणच्या आमच्या कंपनीत फोटो काढायला बंदी आहे. गेटवर कॅमेऱ्यावर लाल स्टिकर लावतात, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी गेटवरच काढतात. मधेच निघालेलं दिसलं तर साहेबांकडे बोलावणं. त्यामुळे घरातला सगळ्यात भारी कॅमेरा आठवडाभर डोळे मिटून असायचा.

अशात शाळेनं मुलांना सांगितलं, घरात घडणारा एखादा बदल मोबाइलवर टिपून पाठवा. पिंपळे गुरवच्या आमच्या गॅलरीत कढीपत्त्यावर एका सुरवंटानं कोश केला होता. मुलगी आईच्या जुन्या मोबाइलवर रोज त्याचं शूटिंग करायची. फुलपाखरू बाहेर येणं तेवढं राहिलं होतं.

एका सकाळी मी नाईट करून घरी आलो, तर मायलेकी गॅलरीत. कोश वरून तडकला होता आणि बायकोच्या मोबाइलमध्ये जागा उरली नव्हती. ती भराभर सुविचार पुसत होती, पण आमचे नातेवाईक फारच सुविचारी.

मुलीनं माझ्यापुढे हात केला. मी तिला स्टिकर दाखवलं, गेटवर काय होतं ते सांगितलं आणि नियम कशासाठी असतात, इथपर्यंत पोचलो.

"पप्पा, तुमचं संपेपर्यंत ते उडून जाईल."

मी नखानं स्टिकर ओरबाडलं. राहिलेला गोंद बनियनला पुसला, म्हणजे काचभर पसरवला.

फुलपाखरू सबंध टिपलं गेलं. बाईंचा शेरा आला, धुक्यातलं चित्रण सुंदर. तो गोंद आहे, असं मुलीनं त्यांना लगेच कळवलं. सत्य बोलण्याची सवय तिला आईकडून आली असावी.

रात्री गेटवर गार्डनं मोबाइल उलटा करून पाहिला. तो जवळच्याच गावचा. मी सगळं सांगितलं, शूटिंगही दाखवलं. त्यानं ते दोनदा पाहिलं.

"आमच्या लिंबावर बी असत्यात ही," तो म्हणाला. "पर साहेबास्नी सांगावं लागंल, भाऊ."

त्यानं रीतसर फोन करून सांगितलं. मग नवीन स्टिकर लावलं, आणि त्याचा एक कोपरा सहज धरता येईल असा दुमडून ठेवला.